पहिला स्टार्ट मुहूर्तावर की मुहूर्ताच्या आधी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे, यंत्रमाग कारखान्यात देखभालीचे काम करणारे एक छत्तीस वर्षांचे वाचक लिहितात की, वडिलांच्या पश्चात अंगणात उभी राहिलेली १९७० च्या दशकातली ॲम्बॅसेडर त्यांनी गेल्या दोन वर्षांत स्वतः उभी केली आहे. जुन्या गाड्यांच्या इंजिनांची ताकद वाढवून केलेल्या अमेरिकन हॉट रॉड गाड्यांचे त्यांना कॉलेजपासून वेड असल्यामुळे मूळचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्यांनी नुसते दुरुस्त केले नाही; सिलिंडरचे बोअर वाढवून नवे पिस्टन घातले, हेड थोडे घासून घेतले, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला नवा, जास्त उचल देणारा घाट दिला आणि व्हॉल्व्हला कडक जोड स्प्रिंगा बसवल्या. इंजिन गाडीत बसले आहे, पण अजून एकदाही सुरू झालेले नाही. आईने दसऱ्याचा मुहूर्त धरला आहे, नातेवाईकांना आमंत्रणे गेली आहेत, आणि पूजा होताच सर्वांसमोर पहिल्यांदा चावी फिरवायची असे ठरले आहे. अडचण अशी की, ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते वयोवृद्ध मिस्त्री, ज्यांना ते चाचा म्हणतात, ते सांगतात, ‘नवे इंजिन दोन तास स्लोवर चालू द्यायचे, रेसला हात लावायचा नाही.’ परदेशात राहणारा एक मित्र मात्र बजावतो की, सुरू होताच मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर रेस धरली नाही तर कॅम खलास होईल. चाचांचे ऐकले नाही तर त्यांचा अपमान होतो, मित्राचे ऐकले नाही तर दोन वर्षांची मेहनत धोक्यात येते, आणि भर अंगणात इंजिन बंद पडले तर चारचौघांत हसे होते. ‘कोणाचे ऐकू?’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात प्रश्न एकच विचारलेला असला तरी त्याच्या पोटात तीन गृहीतके आहेत, आणि माझ्या मते अडचण प्रश्नापेक्षा त्या गृहीतकांत अधिक आहे. पहिले असे की, चाचा आणि तुमचा मित्र एकाच गोष्टीबद्दल परस्परविरोधी बोलत आहेत. दुसरे असे की, पहिला स्टार्ट आणि मुहूर्त या दोन गोष्टी एकाच क्षणी व्हायला हव्यात. आणि तिसरे, जे तुम्ही स्पष्ट लिहिले नाही पण ओळींमधून जाणवते, ते असे की, चावी फिरवल्यावर इंजिन सुरू झाले म्हणजे आपण पास झालो. यांतले एकही मला जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

आधी चाचांविषयी. ‘जुन्या माणसांना नवे कळत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांनी आयुष्यभर कोणती इंजिने बांधली याचा विचार करा. कारखान्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे, मऊ स्प्रिंगांची, आणि बहुधा जुनाच कॅम आणि जुनेच टॅपेट (कॅमवर बसून त्याची उचल व्हॉल्व्हकडे पाठवणारे तुकडे) आपापल्या जागी परत बसवलेली. अशा इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांना आधीच सरावलेले असतात, त्यामुळे ते स्लोवर चालले तरी त्यांचे काही बिघडत नाही. चाचांची खरी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे : नवे पिस्टन, नव्या रिंगा आणि नुकतेच होनिंग केलेले, म्हणजे आतून बारीक खरखरीत घासलेले बोअर यांच्यात घर्षण जास्त असते, त्यातून उष्णता जास्त निर्माण होते, आणि अशा वेळी कोणी उत्साहाने रेस दिली तर पिस्टन धरून बसतो. ही भीती निराधार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात रेडिएटर उकळलेली गाडी ज्याने रस्त्याच्या कडेला पाहिली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

तुमच्या मित्राची भीती पिस्टनची नाही, कॅमची आहे. चपट्या तळाचे टॅपेट असलेल्या इंजिनात कॅमचा लोब, म्हणजे उचल देणारा फुगवटा, आणि टॅपेटचा तळ एका अरुंद रेषेवर एकमेकांना घासत असतात आणि त्या रेषेवर इंजिनातल्या सर्वांत मोठ्या दाबांपैकी एक दाब पडतो. लोब पूर्ण सपाट नसतो, त्याला अतिशय सूक्ष्म उतार असतो. टॅपेटचा तळही अगदी किंचित फुगीर घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एकाच जागी होत नाही. नवा घाट दिलेला कॅम आणि नवे टॅपेट यांचे हे जुळणे पहिल्या वीस ते तीस मिनिटांत व्हावे लागते. स्लोवर इंजिन चालते तेव्हा दोन गोष्टी कॅमच्या विरोधात जातात : लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण जोर येतो आणि क्रँकशाफ्टवरून उडून कॅमवर पडणारे ऑइल फारच थोडे असते. वेग वाढला की व्हॉल्व्हच्या बाजूच्या भागांच्या जडत्वामुळे टोकावरचा भार कमी होतो आणि ऑइलचे शिंतोडे भरपूर उडतात. म्हणून पहिल्या क्षणापासून २००० ते २५०० फेऱ्या, आणि त्याही एकाच आकड्यावर न ठेवता मिनिटामिनिटाला थोड्या वरखाली करत, असा तो नियम आहे. कॅमवर रोलर टॅपेट चालत असते तर या नियमाची गरजच पडली नसती.

म्हणजे दोघेही खरे बोलत आहेत, पण दोन वेगळ्या भागांविषयी. तुमचा कॅम नव्या घाटाचा आहे आणि स्प्रिंगा कडक आहेत, म्हणून पहिली वीस-पंचवीस मिनिटे मित्राच्या नियमाने चालली पाहिजेत. तुमचे बोअर आणि पिस्टनही नवे आहेत, म्हणून त्याच वीस-पंचवीस मिनिटांत उष्णतेवर चाचांची नजर असली पाहिजे. रेडिएटरसमोर लग्नाच्या मांडवात लावतात तसला मोठा पंखा उभा करा, पाण्याच्या तापमानाचा वेगळा, खात्रीचा गेज लावा आणि बोअर करणाऱ्याकडून पिस्टनची प्रत्यक्ष मोकळीक मोजून घेतलेली असू द्या. त्याने ‘बसतोय बरोबर’ एवढेच सांगितले असेल तर ते पुरेसे नाही. २००० फेऱ्यांवर, विना भार, न्यूट्रलमध्ये चालणारे इंजिन पिस्टन धरण्याइतके तापत नाही, जर मोकळीक बरोबर असेल आणि पाणी खेळते असेल.

मात्र मित्राचेही सगळे जसेच्या तसे उचलू नका. हॉट रॉडवाल्यांच्या बहुतेक सवयी अमेरिकन व्ही-८ इंजिनांवर घडल्या आहेत; १९३२ च्या फोर्डपासून सुरू झालेला हा नाद १९५५ साली आलेल्या शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-८ वर खऱ्या अर्थाने पसरला. त्या शेव्हर्लेमध्ये प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर उपसून काढला की त्याच्या भोकातून ड्रिल मशीनला दांडा लावून ऑइल पंप फिरवता येतो आणि स्टार्ट करण्याआधीच सगळ्या इंजिनात ऑइल पोहोचते. असा दांडा तुम्ही तयार करून घेतला असल्याचे लिहिले आहे. तो तुमच्या कामाचा नाही. ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले आहे, ज्या कुळातले इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही होते. त्यात ऑइल पंपाचा दांडा आणि डिस्ट्रिब्युटरचा दांडा वेगवेगळे असून दोन्ही कॅमशाफ्टवरून फिरतात. कॅम न फिरवता पंप फिरवण्याची सोय नाही.

मग ऑइल आधी कसे पोहोचवायचे? पंप बसवताना त्यात ऑइल किंवा व्हॅसलिन भरले नसेल तर तो सुरुवातीला कोरडाच फिरेल आणि ऑइल ओढणार नाही. अनेक जण प्लग काढून सेल्फ मारत राहतात आणि गेजचा काटा हलण्याची वाट पाहतात. हे चालते, पण जितका वेळ सेल्फ फिरेल तितका वेळ कॅमवर लावलेली मॉलिब्डेनमची काळी पेस्ट पुसली जात असते, म्हणून मला ती पद्धत दुय्यम वाटते. त्यापेक्षा बाहेरून दाबाने ऑइल भरणे चांगले. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शेतकी दुकानात हाताने हवा भरायचा लहान फवारणी पंप मिळतो. तो कोरा करकरीत घ्या, एकदाही औषध लागलेला नको. त्याची नोझल काढून नळी ऑइल प्रेशर गेजच्या जागी जोडा, आत थोडे कोमट केलेले इंजिन ऑइल भरा आणि हळूहळू दाब देत राहा. इंजिनावरचे झाकण, म्हणजे रॉकर कव्हर, काढून ठेवा. रॉकरच्या दांड्यावरून ऑइल पाझरताना दिसले की वरच्या टोकापर्यंत वाट मोकळी झाली असे समजा. मध्येच क्रँकशाफ्ट पान्याने दोनदा पूर्ण फिरवा, म्हणजे सगळ्या बेअरिंगांची भोके समोर येतात. असे आत गेलेले ऑइल शेवटी तळाच्या टाकीत, म्हणजे संपमध्येच उतरते, तेव्हा डिपस्टिक पाहूनच उरलेले भरा; इंजिनात एकूण सुमारे चार लिटर मावते.

रॉकर कव्हर उघडेच असताना आणखी एक गोष्ट तपासा, जी बहुतेक जण तपासत नाहीत. टॅपेटची उचल वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या प्रत्येक पुशरॉडवर मार्करने एक खूण करा आणि इंजिन पान्याने फिरवताना ती खूण सरकते का पाहा. आठपैकी एखादा पुशरॉड अजिबात फिरत नसेल तर त्याच्याखालचा टॅपेटही फिरत नाही, आणि तो लोब पहिल्या पंधरा मिनिटांतच झिजेल. टॅपेट नवे घेतले की जुनेच वापरले, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. जुने वापरले असतील तर इथेच थांबा. नव्या घाटाच्या कॅमवर जुने, झिजून सपाट किंवा खोलगट झालेले टॅपेट चालवले तर मित्राचा नियम पाळूनही कॅम जाईल. दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरले असता ते किंचित डुलायला हवेत. घट्ट चिकटून बसले किंवा कडेला टेकून मध्ये फट दिसली तर ते बदलायचे किंवा घासून आणायचे. गाडी दसऱ्याला बंदच उभी राहिली तरी चालेल, पण हा खर्च टाळू नका.

जोड स्प्रिंगांबाबत जाणकारांची एक युक्ती उपयोगी आहे. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी आतल्या स्प्रिंगा काढून फक्त बाहेरच्या स्प्रिंगांवर इंजिन चालवायचे, कॅम सरावला की आतल्या परत बसवायच्या. काम दुप्पट होते हे खरे; तरी ज्याने कॅमसाठी एवढा खर्च केला आहे त्याने एक दिवस जास्त द्यावा, असे मी म्हणेन.

ऑइलविषयी तुम्ही विचारले नाही, पण तुमच्यासारख्या अनेक वाचकांचा पाय इथेच घसरतो, म्हणून लिहितो. कॅम आणि टॅपेट यांच्यामध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेले एक मिश्रण संरक्षक थर धरते. हाच फॉस्फरस नव्या गाड्यांच्या एक्झॉस्टमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हानी करतो, म्हणून गेल्या काही दशकांत पेट्रोल गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये त्याचे प्रमाण उतरत गेले. ‘सर्वांत महाग ते सर्वांत चांगले’ या हिशेबाने कोणी ५डब्ल्यू-३० सिंथेटिक आणून ओतले तर ते नव्या गाडीसाठी उत्तम आणि तुमच्या कॅमसाठी चुकीचे ठरेल. शिवाय रिंगा बसण्याच्या काळात सिंथेटिक नकोच. साधे मिनरल, २०डब्ल्यू-५० जाडीचे, किंवा सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल, ज्यात हे मिश्रण साधारणतः अधिक असते, ते घ्या आणि मिळाले तर त्यात खास ब्रेक-इनसाठीचे, म्हणजे नवे इंजिन सरावण्याच्या काळासाठीचे, जस्तयुक्त ॲडिटिव्ह सांगितलेल्या प्रमाणात घाला. प्रमाणाबाहेर घातल्याने फायदा वाढत नाही.

आता कळीचा मुद्दा. मित्राचा नियम पाळायचा तर इंजिन पहिल्या काही फेऱ्यांतच पेटले पाहिजे. सेल्फ मारतोय, पेटत नाही, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून पाहतोय, पुन्हा सेल्फ मारतोय, असे दहा मिनिटे चालले तर कॅमची पेस्ट पुसून गेलेली असते आणि नियम पाळायला काही उरत नाही. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, इंजिन हाताने फिरवा, हवेचा दाब अंगठा ढकलू लागला की तोच कॉम्प्रेशनचा फेरा. मग पुलीची खूण शून्याच्या आधी ८ ते १० अंशांवर आणून पॉइंट नेमके उघडताहेत असे डिस्ट्रिब्युटर बसवा. दाब न पाहता केवळ पुलीच्या खुणेवर विसंबलेली माणसे डिस्ट्रिब्युटर बरोबर उलटा बसवतात. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. वायरी तुम्ही लावल्या असतील तर दुसऱ्याने तपासाव्यात. टायमिंग फार मागे राहिले तर इंजिन पेटेल, पण पहिल्या पाच मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होईल, म्हणून सुरू झाल्यावर टायमिंग लाइटने लगेच तपासण्याची तयारी ठेवा.

पेट्रोलही तयार असायला हवे. दोन वर्षे टाकीत पडलेले पेट्रोल काढून टाका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर, डायफ्रॅम त्याने फुगतात किंवा चिरतात, तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी नळी नवी, इथेनॉल सोसणारी टाका. पंप हाताने चालवून कार्बोरेटरची वाटी आधीच भरून घ्या, म्हणजे सेल्फने पेट्रोल ओढत बसावे लागणार नाही. कार्बोरेटरच्या घशात बाटलीने पेट्रोल ओतण्याची आपल्याकडची सवय मात्र त्या दिवशी बंद ठेवा. टायमिंग जरा चुकले की ज्वाला उलटी वर येते आणि ओतणाऱ्याचा हात तिथेच असतो.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी नको. आपल्याकडच्या जड पाण्याने ब्लॉकच्या आत चुन्याचे थर कसे बसतात ते तुम्ही ब्लॉक उघडला तेव्हा पाहिलेच असेल. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला, गाडीचे तोंड थोडे उंच ठेवून भरा म्हणजे हवा अडकून राहत नाही.

इथवर आल्यावर मुहूर्ताचा प्रश्न बराच सोपा होतो. मी वर जे सांगितले ते सगळे पाहुण्यांच्या गर्दीत, लहान मुले पायात येत असताना, उपरणे खांद्यावर घेऊन, ‘आता लाव रे’ असा चहूकडून आग्रह होत असताना करता येईल का? रस्त्यावरच्या गर्दीचे सोडा, तुमच्या आईला तरी पूजा झाल्याबरोबर पंचवीस मिनिटे २००० फेऱ्यांवर किंचाळणारे, रंग जळून धूर ओकणारे इंजिन आवडेल का? पाचव्या मिनिटाला कुठून तरी पेट्रोल गळू लागले तर तुम्ही ते बंद कराल, की लोक पाहताहेत म्हणून आणखी दोन मिनिटे चालू द्याल? मला दुसऱ्या शक्यतेची शंका वाटते, आणि ती तुमच्या स्वभावावरची शंका नाही. चारचौघांसमोर कोणाचाही निर्णय बिघडतो.

खंडे नवमीला आपण शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतो, दसऱ्याला वाहनाची. यांपैकी कोणत्याही पूजेला यंत्र त्या क्षणी पहिल्यांदाच सुरू व्हावे अशी अट नाही. तुमच्या कारखान्यातले माग वर्षभर चालून पूजेच्या दिवशी उलट बंद असतात. तेव्हा पहिला स्टार्ट दसऱ्याच्या किमान आठ-दहा दिवस आधी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी हवा थंड असताना करा, आणि आईला आधीच सांगा. लपवून करू नका. ‘मुहूर्ताला गाडी स्वतःच्या पायाने दारात यावी म्हणून आधी तिची तयारी करतो’ एवढे सांगितले तर त्या नाही म्हणतील असे मला वाटत नाही. वाटल्यास त्यांच्याच हातून आदल्या दिवशी बॉनेटवर हळदकुंकू लावून घ्या. गल्लीतले शेजारी लक्षात घेता घरासमोर हे करू नये. औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या कोणाचे मोकळे आवार मिळत असेल तर गाडी टो करून तिथे न्या. सायलेन्सर जोडलेलाच ठेवा. शटर अर्धे ओढलेल्या गॅरेजमध्ये तर मुळीच नाही, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

त्या सकाळी तीन माणसे पुरतात, चौथे माणूस नको. तुम्ही रेसवर राहा. एक जण आग विझवण्याचे सिलिंडर हातात घेऊन उभा राहील आणि बॅटरीची अर्थ वायर सैल करून कुठे ओढायची हे त्याला दाखवून ठेवा. आणि ऑइल प्रेशरचा गेज चाचांकडे द्या. हे मी त्यांचा मान राखायचा म्हणून सुचवत नाही. कानाने आवाज ओळखणारा माणूस त्या वेळी गेजइतकाच लागतो, आणि ‘बंद कर’ म्हणण्याचा अधिकार त्यांचा असेल तर तुम्हाला रेसवरून नजर हटवावी लागणार नाही. त्यांना आधी जाऊन भेटा आणि ‘मित्र असे म्हणतो’ असे सांगू नका. कॅम आणि टॅपेट त्यांच्या हातात ठेवा, नवा घाट दाखवा, स्प्रिंग दाबून पाहायला द्या आणि विचारा, ‘चाचा, ही स्प्रिंग स्लोवर या टोकावर किती जोर देईल?’ ज्याने आयुष्यभर इंजिने उघडली आहेत त्याला उत्तर हाताला कळेल. तरीही ते आपल्या मतावर ठाम राहिले तर त्या दिवशी मत तुमचे चालू द्या, गाडी तुमची आहे.

कधी बंद करायचे हे आधी ठरवा, चालू असताना ठरवू नका. सुरू झाल्यापासून पाच-दहा सेकंदांत ऑइल प्रेशर आले नाही तर बंद. पुढे दर १००० फेऱ्यांमागे साधारण १० पौंड दाब, हा अंदाज धरा. २००० फेऱ्यांवर गरम इंजिनात काटा २० च्या खाली गेला तर बंद. पेट्रोल गळताना दिसले, खालून जड ठोका ऐकू आला, पाणी १०० अंशांकडे झुकले, तर बंद. याउलट मॅनिफोल्डवरच्या रंगाचा धूर, पहिल्या काही मिनिटांतला निळसर धूर, एखाद्या जोडातून पाण्याचा थेंब, या गोष्टींनी घाबरून हात आखडू नका. बंद करावेच लागले तरी काही बिघडत नाही. दोष दूर करा, पुन्हा सुरू करा आणि उरलेली मिनिटे त्याच रेसवर पूर्ण करा. मिनिटे सलग नसली तरी एकूण मोजली जातात. दोष शोधताना इंजिन स्लोवर ठेवून मात्र पाहत बसू नका.

पंचवीस मिनिटे झाली की तिसरे गृहीतक सोडायची वेळ येते. इंजिन चालले म्हणजे काम संपले असे नाही. ऑइल गरम असतानाच काढा आणि फिल्टर बदला. टाकी लावलेल्या जात्याचे पहिले पीठ जसे घरात कोणी खात नाही, तसे हे पहिले ऑइल कितीही स्वच्छ दिसले तरी परत वापरायचे नाही. ते पसरट भांड्यात ओतून उन्हात पाहा, फिल्टर कापून त्याचा कागद उघडा. काळपट, बारीक गाळ असेल तर ती कॅमची पेस्ट आहे. चमकणारे कण लोहचुंबकाला भरपूर चिकटले तर गाडी हलवू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळून घ्या, आतल्या स्प्रिंगा काढल्या असतील तर परत बसवा आणि मग टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर, मोजा. स्टार्टच्या आधीचे आठही आकडे वहीत लिहिलेले असतील तरच ही तपासणी कामाची आहे.

उरलेल्या आठवड्यात रिंगा बसवायच्या आहेत, आणि त्या स्लोवर किंवा न्यूट्रलमध्ये बसत नाहीत. रिंगमागे वायूचा दाब आला तरच ती बोअरला घट्ट भिडते. होनिंगची खरखर ताजी असतानाच हे व्हावे लागते. अक्कलकोट रस्त्यावर पहाटे जा, तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ६०-६५ पर्यंत भरीव रेस द्या, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडी त्याच गिअरमध्ये आपसूक मंदावू द्या. असे आठ-दहा वेळा करून परत या. एकाच वेगाने तासभर चालवणे आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन दमवणे, दोन्ही पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत टाळा. दसऱ्याच्या दिवशी रूपाभवानीच्या रस्त्याला जी गर्दी असते तीत हे इंजिन तासभर गुरगुरत ठेवण्यापेक्षा मंदिराला सकाळी लवकर जाऊन येणे बरे.

एक कागदाची गोष्ट. ब्लॉक तोच आणि इंजिन नंबर तोच असेल तर बोअर वाढवल्याने आरसीबुकातला नंबर बदलत नाही. उद्या हौस वाढून वेगळे इंजिन बसवायचे मनात आले तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आधी आरटीओची परवानगी लागते, नंतर नव्हे. गाडीची फिटनेस आणि नोंदणीची मुदत दोन वर्षांच्या उभे राहण्यात संपली नाही ना, तेही रस्त्यावर काढण्याआधी पाहा.

५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला आणि टॅपेटची फट पुन्हा मोजा. सात आकडे जिथल्या तिथे आणि आठवा उघडपणे वाढलेला दिसला तर तो फक्त ॲडजस्ट करून गाडी चालवू नका. तो लोब झिजायला लागला आहे, त्याचा चुरा बेअरिंगांकडे जात आहे, आणि त्या टप्प्यावर कॅम बाहेर काढणे हे पूर्ण इंजिन परत उघडण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.